मांडणी आणि दिवे : घरातल्या रोपवाटिकेचा इतिहास

घरातल्या मांडणीवर, दिव्यांच्या उजेडात भाजीपाल्याची आणि फुलांची रोपे तयार करण्याची रीत थंड हवेच्या देशांतली आहे. उत्तर युरोपात, कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात रात्री दव गोठायचे थांबल्याशिवाय टोमॅटो किंवा मिरची उघड्यावर लावता येत नाही. शिकागोच्या आसपास ही वेळ एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत येते आणि ऑक्टोबरात पुन्हा गारठा सुरू होतो. टोमॅटोचे रोप लावणीजोगे व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, मिरची-वांग्याचे आठ ते दहा. एवढे दिवस मेनंतर मोजायचे तर फळ धरेपर्यंत हंगाम संपतो. त्यामुळे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच टाकावे लागते आणि नेमका तेव्हा तिथला दिवस लहान, सूर्य कललेला आणि आभाळ मळभलेले असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न फारसा पडला नाही. कोकणात राब भाजून टाकलेला भाताचा तरवा असो की देशावरचा कांद्याचा गादीवाफा, ऊन दोन्हींनाही हवे तेवढे मिळते. इथल्या रोपवाटिकेची काळजी उलट कोवळ्या रोपाला उन्हापासून जपण्याची असते आणि शेडनेट त्यासाठीच लागते. उत्तरेकडच्या माळ्याला मात्र उष्णता आणि उजेड या दोन्हींची तरतूद करावी लागली. त्यातली उष्णता फार लवकर साधली. उजेडाला एकोणिसावे शतक उलटावे लागले आणि त्यानंतरही अडचण उजेडाची कमी आणि उजेडाबरोबर येणाऱ्या धगीची जास्त होती. दिवा पानापासून किती दूर टांगावा लागतो, यावरच खोलीत रोपांचा एक थर मावणार की चार, हे ठरत आले आहे.

उष्णतेची सोय जुनी आहे. रोमन सम्राट टायबेरियस याला वर्षभर काकडी मिळावी म्हणून त्याचे माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत नेत आणि थंडीत त्यांवर पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांचे झाकण घालत, असे थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. पुढे घोड्याच्या ताज्या लिदीचा जाड थर देऊन त्यावर माती पसरायची आणि लीद कुजताना निघणाऱ्या उबेवर बी रुजवायचे, ही युक्ती युरोपभर रुळली. पॅरिसभोवतालच्या भाजीवाल्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ती कमालीच्या कौशल्याने वापरली. त्यांच्या वाफ्यांवर काचेच्या चौकटी आणि घंटेच्या आकाराची काचेची झाकणे असत. श्रीमंतांच्या काचघरांत लाकडी पायऱ्यांची मांडणी असे. तिची प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा मागे सरलेली असे, कारण ऊन वरून आणि समोरून येते. एकावर एक सरळ कप्पे रचले तर खालचा कप्पा वरच्याच्या सावलीत जातो. उजेड सूर्याचा आहे तोवर मांडणी उतरतीच ठेवावी लागते, हे त्या सुतारांना कोणी शिकवावे लागले नाही.

ज्यांच्याकडे काचघर नव्हते ते खिडकीत कुंड्या ठेवत. खिडकीतले रोप काचेकडे वाकते, त्याची पेरे लांबतात, देठ दोऱ्यासारखा होतो आणि बाहेर लावल्यावर पहिल्या वाऱ्यात ते आडवे पडते. भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स भरतो. घराच्या आत, खिडकीपासून काही पावलांवर, तो काहीशे लक्सवर येतो. माणसाचे डोळे हा फरक सांभाळून घेतात म्हणून खोली उजळ वाटते.

वनस्पतीचा हिरवा भाग उजेडातच हवा शुद्ध करतो, हे यान इंगेनहाउस याने १७७९ साली प्रयोगांनी दाखवले. तो उजेड सूर्याचाच हवा का, ही शंका लगेच पुढे आली. स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्तँ पिराम द कांदोल याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाजाळूची रोपे दिवसा अंधारात आणि रात्री तेलाच्या दिव्यांपाशी ठेवली, तेव्हा काही दिवसांनी त्यांनी पाने मिटण्या-उघडण्याची वेळ उलटी केली. म्हणजे दिव्याचा उजेड पानाला कळतो. पण त्या उजेडावर झाड पोसणे ही वेगळी गोष्ट होती आणि तेवढे बळ तेलाच्या दिव्यात नव्हते. १८६१ साली फ्रान्समध्ये एर्व्हे मांगाँ याने विजेच्या कमानदिव्याखाली (आर्क लॅम्पखाली) फिकट रोपांत हिरवा रंग उतरतो असे दाखवल्यावर वाट मोकळी झाली.

त्या वाटेने खऱ्या अर्थाने चालला तो विल्यम सीमेन्स. जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला हा कारखानदार टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या शेरवूड या बंगल्यात वीज तयार करत असे. त्याने १,४०० मेणबत्त्यांच्या ताकदीचा कमानदिवा खरबुजांच्या काचघरावर सुमारे २ मीटर उंचीवर बसवला. मोहरी, गाजर, घेवडा, काकडी, खरबूज यांच्या कुंड्यांचे त्याने चार गट केले: एक पूर्ण अंधारात, एक फक्त विजेच्या उजेडात, एक फक्त दिवसाच्या उजेडात आणि एक दोन्हींत. दोन्ही उजेड मिळालेला गट सरस ठरला. मार्च १८८० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हे निष्कर्ष मांडले. पुढच्या हिवाळ्यात त्याने दिवा थेट काचघरात नेला. ऑक्टोबरअखेर पेरलेला वाटाणा फेब्रुवारीच्या मध्याला तयार झाला आणि स्ट्रॉबेरीही त्याच सुमारास पिकली.

सीमेन्सच्या टिपणांत पुढच्या दीडशे वर्षांच्या बहुतेक अडचणी सापडतात. उघडा कमानदिवा जवळ असला की पाने करपत. दिवा आणि झाड यांच्यामध्ये साध्या काचेचे तावदान धरले की करपणे थांबे. दिव्यातली अतिनील किरणे काच अडवत होती, हे आज सांगता येते. खर्चाचा हिशेबही त्याने डोळ्यांआड केला नाही. दिव्यासाठी वाफेचे इंजिन चालवायचे, तर दिवसा त्याच विजेवर पाणी उपसायचे, लाकूड कापायचे आणि जनावरांचा चारा बारीक करायचा, तसेच इंजिनाची वाया जाणारी वाफ काचघर गरम ठेवायला वापरायची, अशी त्याची व्यवस्था होती. एवढा खटाटोप जमीनदार-इंजिनिअरला परवडे. भाजी विकून पोट भरणाऱ्याला नाही. सीमेन्स १८८३ मध्ये वारला आणि इंग्लंडमधले काम तिथेच थंडावले.

अमेरिकेत ते लिबर्टी हाइड बेली याने कॉर्नेल विद्यापीठात उचलले. १८९१ च्या त्याच्या अहवालात पिकांचे स्वभाव वेगळे झालेले दिसतात: लेट्यूसला रात्रीचा विजेचा उजेड मानवला, पालक मात्र पाने धरण्याऐवजी घाईने फुलोऱ्यावर आला. बॉस्टनजवळच्या आर्लिंग्टनमध्ये रॉसन नावाचा भाजी उत्पादक याच सुमारास लेट्यूसच्या काचघरांत कमानदिवे लावत होता आणि त्याचा माल काही दिवस आधी बाजारात जात होता. पालक फुलोऱ्यावर का आला, याचे उत्तर १९२० साली मिळाले. अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिले की झाड दिवसाची लांबी मोजते. तेव्हापासून दिवा किती प्रखर आणि दिवा किती तास, हे दोन प्रश्न वेगळे झाले. रोपांना चौदा ते सोळा तास उजेड आणि उरलेला वेळ अंधार देण्याची आजची पद्धत या समजुतीतूनच आली.

एडिसनचा तारेचा बल्ब १८७९ पासून होता आणि कमानदिव्याइतका तो खोडकर नव्हता. मिनेसोटा विद्यापीठातल्या हार्वी याने १९२२ मध्ये अनेक पिके सूर्य न दाखवता, केवळ बल्बांच्या उजेडात बियांपासून बियांपर्यंत वाढवून दाखवली. सिद्धांत म्हणून प्रश्न सुटला होता. घरगुती वापर मात्र अजून लांब होता, कारण बल्ब खाल्लेल्या विजेपैकी बहुतांश विजेची उष्णता करतो. उजेड पुरेसा हवा तर मोठा बल्ब हवा. मोठा बल्ब रोपाजवळ आणला तर शेंडा होरपळतो. दूर नेला तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. प्रयोगशाळांत दिव्याखाली वाहत्या पाण्याचा थर ठेवून धग अडवण्याचे प्रकार झाले. ते स्वयंपाकघरात कोण करणार? दिव्याला दोन-तीन हात मोकळी जागा लागत असल्यामुळे खोलीत रोपांचा एकच थर मावे, तो जमिनीवर ठेवा नाहीतर टेबलावर.

हे बदलले १९३८ साली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकायला काढलेली फ्लुरोसंट नळी, म्हणजे आपल्याकडची ट्यूबलाइट, त्याच विजेत बल्बच्या तिप्पट-चौपट उजेड देत असे आणि तिच्यावर हात ठेवला तर चटका बसत नसे. रोपाच्या शेंड्यापासून चार बोटांवर ती टांगता येई. शिवाय तिचा उजेड एका बिंदूतून न येता चार फूट लांब पट्टीतून येतो, त्यामुळे दोन-तीन नळ्या शेजारी लावल्या की खालच्या सगळ्या ट्रेवर तो बराचसा सारखा पडतो. दिव्याला दोन-तीन हात जागा सोडायची गरज संपली आणि मांडणीच्या प्रत्येक कप्प्याला स्वतःचे आभाळ मिळाले. उतरती पायरी गेली आणि कप्प्यावर कप्पा सरळ रचता येऊ लागला. रोपवाटिका जमिनीऐवजी भिंतीवर उभी राहू लागली ती तेव्हापासून.

या उभ्या मांडणीचे पहिले मोठे गिऱ्हाईक भाजी नव्हते. आफ्रिकन व्हायोलेट हे मखमली पानांचे बुटके फुलझाड १८९२ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत, तिथला अधिकारी सेंट पॉल-इलेअर याच्या नजरेस आले. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या एका रोपवाटिकेने त्याच्या निवडक जाती बाजारात आणल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या गृहिणींना त्याचे वेड लागले. १९४६ मध्ये या एकाच झाडाच्या शौकिनांची राष्ट्रीय संस्था निघाली. जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या या रोपाला ऊन फार लागत नाही. ट्यूबलाइटचा उजेड त्याला नेमका पुरतो. घराच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी, ट्यूब लावलेल्या मांडण्या उभ्या राहिल्या. चाकांवरच्या तीन कप्प्यांच्या तयार गाड्याही मिळू लागल्या. क्रांत्झ दांपत्याचे दिव्यांखालच्या बागकामाचे पुस्तक १९५७ मध्ये आले आणि १९६५ मध्ये या छंदाची वेगळी संस्था स्थापन झाली. १९७० च्या दशकात महागाईने अमेरिकेतल्या परसबागांना पुन्हा दिवस आले, तेव्हा टोमॅटो-मिरचीची रोपे याच मांडण्यांवर आयती येऊन बसली. भाजीच्या रोपांना व्हायोलेटपेक्षा जास्त उजेड लागतो. म्हणून नळ्यांची संख्या दोनवरून चारवर गेली आणि अंतर आणखी कमी झाले.

मांडणीचे मापही नळीने ठरवले. ४० वॅटची नळी चार फुटांची, म्हणून कप्पा चार फूट लांब. अमेरिकेतल्या रोपवाटिकांचा ठरलेला ट्रे साधारण ११ इंच रुंद आणि २१ इंच लांब. असे चार ट्रे आडवे मांडले की ४४ इंच होतात आणि चार फुटांत बसतात, आणि ट्रेच्या लांबीमुळे कप्प्याची खोली २१ ते २४ इंच. दोन कप्प्यांत दीड-दोन फुटांचे अंतर ठेवले जाई: खाली ट्रेची उंची, मधे रोपाची, वर दिव्याची पेटी, आणि रोप वाढेल तसा दिवा कडी-कडीने वर चढवायला साखळीची जागा. पहिल्या मांडण्या लाकडी होत्या. त्या पाण्याने फुगत आणि वाकत. लंडनमध्ये दिमित्रियस कोमिनो याने १९४७ मध्ये भोकांच्या लोखंडी पट्ट्यांची, कुठेही नटबोल्टने जोडता येणारी पद्धत बाजारात आणली. महाराष्ट्रातल्या दुकानांत, गोदामांत आणि ग्रंथालयांत ‘स्लॉटेड अँगलचा रॅक’ म्हणून जो दिसतो तो तिचाच वंशज. १९६० च्या दशकात अमेरिकेत हॉटेलांच्या कोठारांसाठी क्रोमच्या तारांची जाळीदार मांडणी आली आणि पुढे घरगुती रोपवाटिकेने तीच उचलली. जाळीतून हवा खेळते, पाणी साचत नाही, दिवा कुठेही आकड्याने अडकवता येतो आणि कप्पा हवा तिथे सरकवता येतो. तिचा तोटा असा की वरच्या ट्रेमधले पाणी थेट खालच्या दिव्यावर ठिबकते. पाणी आणि वीज एकाच चौकटीत आल्याने प्रत्येक ट्रेखाली बिनभोकाचे ताट ठेवण्याची आणि वायर पाण्याच्या पातळीच्या वरून फिरवण्याची शिस्त या छंदाला लागली.

नळीच्या धगीचाही उपयोग झाला. तिच्या पेटीतला चोक गरम होतो आणि वरच्या कप्प्याला खालून ऊब देतो. मिरचीचे बी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास लवकर रुजते. जाणती मंडळी बियांचे नवे ट्रे वरच्या कप्प्यावर ठेवत आणि कोंब दिसले की दिव्याखाली आणत. दोष असे की नळीची टोके मधल्या भागापेक्षा मंद असतात आणि वापराने सगळी नळीच उतरत जाते. नळी डोळ्यांना ठीक दिसते म्हणून बदलायची राहते आणि रोपे मात्र उंचाडू लागतात.

रंगाचा वाद १९६० च्या दशकातला. पानातले हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड जास्त शोषते, हे माहीत होते. त्यावरून सिल्व्हेनिया कंपनीने ग्रो-लक्स नावाची जांभळट गुलाबी नळी काढली. ती साध्या नळीपेक्षा बरीच महाग होती आणि तिच्या उजेडात फुले फार खुलून दिसत. तिच्या लोकप्रियतेत या दुसऱ्या गुणाचा वाटा मोठा असावा. अमेरिकन शेतीखात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात कॅथी आणि कॅम्पबेल यांनी दिव्यांची तुलना केली तेव्हा स्वस्त, साधी पांढरी नळी रोपांसाठी कुठे कमी पडत नाही असे दिसले. टेक्सासच्या मॅक्री याने १९७२ मध्ये २२ पिकांची पाने घेऊन प्रत्येक रंगाचा उजेड किती कामी येतो ते मोजले. हिरवा उजेड वाया जातो हा समज त्या मोजणीत टिकला नाही. तरीही गुलाबी दिवा विकला जातच राहिला.

संशोधनसंस्थांत हीच मांडणी जास्त काटेकोर झाली. कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेन्ट याने १९४९ मध्ये हवा, तापमान आणि उजेड हवा तसा राखणारी इमारत उभारली. ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळा तर सर्वस्वी कप्पे आणि नळ्या यांवरच उभ्या राहिल्या, कारण काचेच्या बाटलीतल्या इवल्या रोपाला पोषण साखरेतून मिळते आणि उजेड थोडाच लागतो. महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध इथे येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पारशरामी आणि मस्कारेन्हास यांनी बांबूची रोपे बाटलीतच फुलोऱ्यावर आणली. जे झाड बाहेर फुलायला कित्येक दशके घेते ते काही महिन्यांत फुलले आणि त्याला बी धरले. हे काम १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जळगाव भागात केळीची लावण कंदांवरून ऊतीसंवर्धित रोपांवर गेली, त्या रोपांचे पहिले आठवडेही ट्यूब लावलेल्या कप्प्यांवरच जातात. जपानमध्ये चिबा विद्यापीठाचे तोयोकी कोझाई यांनी २००० च्या सुमारास भाजीची रोपे पूर्ण बंद खोलीत, बहुमजली मांडणीवर तयार करण्याची पद्धत व्यापारी पातळीवर आणली.

एलईडीची सुरुवात अवकाशासाठी झाली. यानात जागा कमी, वीज कमी आणि काचेची नळी फुटली तर पारा मोकळा होण्याची भीती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिन विद्यापीठात रेमंड बुला आणि सहकाऱ्यांनी नासाच्या पाठबळावर तांबड्या एलईडीखाली लेट्यूस वाढवला. तेव्हा प्रखर निळा एलईडी अस्तित्वात नसल्यामुळे निळा उजेड ट्यूबमधूनच द्यावा लागे. ती उणीव १९९३ मध्ये जपानच्या शूजी नाकामुरा यांनी भरून काढली. अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘कोलंबिया’ यानात एलईडीखाली बटाट्याचे लहान कंद धरले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेला तांबडा लेट्यूस खाल्ला.

घरगुती एलईडीही आधी गुलाबीच आले, कारण तांबडे आणि निळे दाणेच तेवढे कार्यक्षम होते. निळ्या दाण्यावर पिवळा लेप दिलेला पांढरा एलईडी स्वस्त झाल्यावर साध्या पांढऱ्या पट्ट्यांनी बाजी मारली. त्या उजेडात पानावरचा मावा आणि पिवळेपणा लगेच दिसतो. गुलाबी उजेडात तो लपतो. मोजमापही बदलले. बल्बच्या काळात वॅट, नळीच्या काळात लक्स आणि आता पानावर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. भाजीच्या रोपांना दर चौरस मीटरला १५० ते २५० मायक्रोमोल, सोळा तास, हा सर्वसाधारण अंदाज धरला जातो. खोक्यावर ठळक छापलेला ‘अमुक वॅटच्या बल्बइतका’ हा आकडा मात्र निवडीला काही उपयोगाचा नाही. दिवा प्रत्यक्ष किती वीज घेतो आणि किती प्रकाशकण देतो, एवढेच पाहावे लागते.

युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून पाऱ्याच्या सरळ नळ्या नव्याने बाजारात आणणे बंद झाले आहे. मांडणीचे माप मात्र तेच राहिले आहे. एलईडीच्या पट्ट्या चार फुटांच्याच येतात, कारण कप्पे चार फुटांचे आहेत आणि ट्रेही त्या कप्प्यांच्या हिशेबाने आहेत. एलईडीला चोकची ऊब नसल्यामुळे बी रुजवण्यासाठी ट्रेखाली विजेची गरम चटई वेगळी घ्यावी लागते. न्यू जर्सी किंवा मिशिगनमधली मराठी घरे फेब्रुवारीत लवंगी मिरची, भरताची वांगी आणि टोमॅटो टाकतात ती अशाच मांडणीवर. महाराष्ट्रात कोकोपीट भरलेले ९८ कपांचे प्रो-ट्रे शेडनेटखाली जमिनीलगतच मांडले जातात; दिव्याखालची मांडणी इथे ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत आणि शहरांतल्या मायक्रोग्रीन्सच्या खोल्यांत तेवढी आढळते.